खांद्याखालची वाट

"मॅडम, तुमची वायर पुरत न्हाई," खालच्या वायरिंगमधल्या कुसुमताई फोनवर म्हणाल्या आणि हर्षालीला आधी ऐकू आलं ते 'मॅडम'. वायरचं मागून आलं. इतकी वर्षं ही बाई तिला हर्षे म्हणत आली होती. हर्षाली स्वतः खाली वायरिंगला असताना हर्षे, डिप्लोमा पुरा करून वर डिझाइनच्या खोलीत बसायला लागली तेव्हाही हर्षे, लग्नात तर सगळ्यांदेखत हर्षे. आणि आज नेमकं मॅडम. वर 'तुमची वायर'. कंपनीची नव्हे, कॉम्प्युटरची नव्हे, तुमची. हर्षाली "आले" एवढंच म्हणाली, फोन ठेवला, आणि समोरच्या स्क्रीनवर उघडं असलेलं पॅनल उगाचच गोल गोल फिरवत बसली. समोरून, मागून, वरून. सगळ्या वायरी हिरव्या होत्या. हिरवं म्हणजे रस्ता सापडला, वायर पोचली. स्क्रीनवर पोचलेली वायर खाली पुरत नाही म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात शिरत होतं पण आत बसायला जागा मिळत नव्हती. शेजारचा मुलगा चहा घेणार का विचारत होता आणि ती त्याच्याकडे बघून हसली, कारण हसायला काही लागत नाही.

चाकणच्या त्या कंपनीत पॅनल बनत. माणसाहून उंच लोखंडी कपाटं, आत स्विचेस, रिले आणि ढीगभर वायरींचं जाळं. ती कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यात जाऊन उभी राहत आणि तिथली मशीनं चालवत. कुठली वायर कुठून निघून कशी वळत कुठे जाणार, ते कॉम्प्युटरवर आखायचं काम हर्षालीचं. आजवर तिची आखणी म्हणजे देवाला दाखवलेला नैवेद्य होता. बायका एकदा बघायच्या, बाजूला ठेवायच्या, आणि रिळावरून वायर ओढून, डोळ्यानं माप घेऊन आपल्या आपण कापायच्या. या पॅनलला पहिल्यांदाच सगळ्या वायरी आधी मशीनवर कापल्या जात होत्या, हर्षालीच्या कॉम्प्युटरनं सांगितलेल्या लांबीच्या, टोकांना नंबर घालून, जुड्या बांधून. त्यामुळे एक वायर कमी पडली म्हणजे एक पडली असं नव्हतं. वायर काही ओढून लांब होत नाही. एक कमी तर सगळ्याच संशयात. "ह्या पॅनलवर ठरवू," डिझाइनचे मुख्य स्वानंद सर मीटिंगमध्ये म्हणाले होते. "जमलं तर पुढची सगळी अशीच. नाही जमलं तर आपलं जुनं काय वाईट आहे?" नोकरी काही जाणार नव्हती तिची, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. जाणार होता तो रस्ता. पॅनलच्या मधोमध, छातीच्या उंचीवरून तिनं काढलेला रस्ता पुसला जाणार होता आणि वायरी पुन्हा वरून, कपाटाच्या कपाळावरून जायला लागणार होत्या. आणि तो रस्ता ही तिच्या आजवरच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. असं ती कुणाजवळ बोलली नसती, पण तिला ते तसंच वाटत होतं.

जिना उतरताना ती मध्येच थांबली. दार, तिला एकदम वाटलं. दाराचं आपलं चुकलं असणार. पॅनलच्या दारावर बटणं असतात, त्यांच्या वायरी आतून बिजागरीपाशी येऊन दारावर चढतात, आणि दार उघडताना त्यांना थोडी ढील लागते. स्क्रीनवर दार बंद ठेवून रस्ता मोजला की लांबी कमी भरते, नवखी पोरं हटकून हीच चूक करतात. आपण दार उघडं ठेवलं होतं का? ठेवलं होतं. नक्की ठेवलं होतं. ठेवलं होतं ना? तिला ते दार डोळ्यांसमोर आणता येईना. इतके दिवस ते पॅनल तिनं स्क्रीनवर इतक्या वेळा उघडलं-मिटलं होतं की आता ते तिच्या मनात कधी उघडं दिसे, कधी बंद, जसं भीतीला सोयीचं पडेल तसं. तो रस्ता तिनं किती डोळ्यांत तेल घालून काढला होता. सॉफ्टवेअर तसं आज्ञाधारक. वायर जायची ती जाळीदार प्लास्टिकची पन्हळ, जिला सगळे डक्ट म्हणतात, ती कुठे ते आपण सांगायचं. मग इथून तिथे जा म्हटलं की ते मुकाट रस्ता शोधून हिरवा दोरा ओढून दाखवतं. पण रस्ता कुणाच्या हातानं भरायचा आहे, हे त्याला कळत नाही. त्याच्या पॅनलसमोर माणूस उभाच नसतो. कंपनीच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जाड डक्ट वर, पार वर असे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदा काढला, बाकीच्यांनी उचलला, आणि बघता बघता त्याचा नियम झाला. हर्षालीनं तो खाली आणला. त्यासाठी रिलेची अख्खी ओळ हलवावी लागली, जागेची मारामार झाली, दोनदा सगळं मोडून पुन्हा मांडावं लागलं. मध्येच ती डोळे मिटून, कोपरं बरगड्यांना चिकटवून, हात पुढे करून खुर्चीत बसे, हात कुठवर पोचतात बघायला. "मॅडम योगा करतायत," खोलीतली पोरं म्हणायची. म्हणू देत, ती म्हणायची, आणि हात थोडे आणखी पुढे करायची.

कारण वरचा डक्ट काय असतो ते तिच्या खांद्यांना ठाऊक होतं. खाली वायरिंगला होती तेव्हा तीही चौरंगाएवढ्या स्टुलावर उभी राहायची. खालच्या बायका सगळ्या आसपासच्या गावांतल्या, उंचीनं बेताच्या, आणि कपाटं मात्र कुणा ताडमाड माणसासाठी घडवल्यासारखी. स्टुलावर चढलं तरी हात डोक्याच्या वरच. एक वायर घालायची, दुसरी घालायची, मग हातातलं रक्त खाली उतरायला लागतं, बोटांना मुंग्या येतात, स्क्रू दिसतो पण पेचकस त्याच्या खाचेत बसत नाही. मान मोडते ती वेगळीच. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती आपले हात मांडीवर ठेवून बसायची आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे वाटायचे. एकदा घरी आईनं, तानाबाईंनी, फळीवरचा डबा काढायला सांगितला आणि हात कानापर्यंत जाऊन थांबले. "एवढी तरणी पोर आन हात वर व्हईना व्हय गं?" आई म्हणाली. "वायरी घातल्या दिवसभर," हर्षाली म्हणाली. "वायरीला काय वजन असतंय?" आईनं विचारलं आणि स्वतःच पाटावर चढून डबा काढला. तिचं बरोबर होतं, वायरीला काही वजन नसतं. हाताला असतं, आणि ते दिवसभर वर धरलं की संध्याकाळपर्यंत धोंड्याइतकं होतं. पण हे तेव्हा सुचलं नाही. ते सुचलं पुढे खूप वर्षांनी, वर एसीच्या खोलीत, स्क्रीनवर तो जाड डक्ट माउसनं धरलेला असताना. माउसनं तो किती हलका उचलला गेला. नुसतं बोट दाबलं आणि तो खाली आला, छातीशी. तिला त्या क्षणी हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही, आणि कुणी पाहू नये म्हणून ती स्क्रीनच्या जवळ सरकली होती.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हापासून टोचत होती. मीटिंगमध्ये स्वानंद सरांनी विचारलं होतं, इतकी वर्षं डक्ट वर आहे, आता खाली कशाला, मधली चांगली जागा खातोय. आणि ती म्हणाली होती, "तांबं वाचतं सर. बऱ्याच वायरींचा रस्ता आखूड होतो." खोटं नव्हतं ते. तांबं वाचत होतं, थोडंसं. पण ते कारण नव्हतं. खांदे हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला. त्या खोलीत सगळे उष्णतेचं बोलत होते, सिग्नलचं बोलत होते, जागेचं बोलत होते. तिथे बायकांचे खांदे काढायचे म्हणजे मंडळी चमच्यानं पुलाव खात असताना आपण फडक्यातली भाकरी सोडायची. शिवाय सगळ्यांना तिचं मागचं माहीत होतं. वर येऊन इतके दिवस झाले तरी हिचं मन खालीच, असं कुणीतरी मनात म्हटलं असतं. तांब्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. तिचा रस्ता मंजूर झाला, आणि तिला आपल्याच लेकराला परक्याचं नाव सांगून शाळेत घातल्यासारखं वाटलं.

खाली कोऱ्या प्लास्टिकचा आणि रंगाचा वास कोंदला होता. वायर कापायचं मशीन एका कोपऱ्यात याच पॅनलच्या उरलेल्या वायरी कापत कटकट आवाज करत होतं, म्हणजे अजून त्याला कुणी थांबवलेलं नव्हतं, आणि तेवढ्यानंही तिला धीर आला. पॅनल दार उघडं टाकून उभं होतं. स्क्रीनवर त्याची तिला इतकी सवय झाली होती की खरं पॅनल बघून क्षणभर परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं; केवढं मोठं होतं ते, आणि किती मुकाट. कुसुमताई स्टुलावर उभ्या होत्या. डोक्याला टोपी, निळा एप्रन, आणि उजव्या हातात वायरीचं टोक, दारावरच्या बटणाकडे ताणून धरलेलं. टोक बटणापासून चांगलं वीतभर लांब होतं. आजूबाजूच्या बायका आपापल्या पॅनलमध्ये तोंड घालून होत्या, पण त्यांच्या पाठी सगळं बघत होत्या. "हे बगा," कुसुमताई म्हणाल्या. "वढून वढून तुटंल, पन पोचायची न्हाई." हर्षालीनं त्या टोकाकडे पाहिलं. मग तिची नजर आपोआप वायरीवरून मागे मागे चालायला लागली, जशी ती स्क्रीनवर चालायची. बटणापासून दारावर, दारावरून वर, आणखी वर, बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यातून आत, कपाळावर उरलेल्या छोट्या डक्टमधून आडवी, आणि मग पार खाली, जिथून ती निघते त्या टर्मिनलपर्यंत. वायर वरून आली होती. मधोमध छातीशी तिचा रुंद डक्ट रिकामा, तोंड उघडं ठेवून बसला होता. रस्ता दाखवणारा टॅब शेजारीच खुंटीला टांगलेला होता, आणि त्याच्यावर कुसुमताईंनी आपली डब्याची पिशवी अडकवली होती.

तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच त्यामागून राग आला, आणि रागाच्या मागून दुसरंच काहीतरी, ऊबदार, छातीत पसरत जाणारं. दार उघडंच होतं. आपण दार उघडं ठेवूनच मोजलं होतं. "ताई, खाली उतरा," ती म्हणाली.

"का?"

"उतरा तर."

कुसुमताई उतरल्या. हर्षालीनं स्टूल पायानं बाजूला सारलं, वायर सगळीच्या सगळी बाहेर काढली आणि टर्मिनलपासून पुन्हा घालायला घेतली. खालून वर, आणि छातीशी आल्यावर आडवी, मधल्या डक्टमध्ये. तिला वाटलं होतं बोटं विसरली असतील. बोटं काही विसरली नव्हती. अंगठ्यानं वायर दाबत दाबत ती बिजागरीपर्यंत आली, दारावर वळली, दार एकदा पुरतं मागे ढकललं, आणि टोक बटणापाशी नेलं. पोचलं. पोचून वर दोन बोटं उरलं, पुढे कुणाला कधी ते टोक सोडून पुन्हा लावावं लागलं तर असू दे म्हणून ठेवतात तेवढं. कोपरं बरगड्यांपासून हलली नव्हती. हर्षालीला स्वतःचा अभिमान वाटला. साधा, धडधडीत अभिमान, पोळी टम्म फुगावी तसा. त्याला झाकायला हाताशी काही नव्हतं आणि तिला झाकावासाही वाटला नाही. "पुरली," ती म्हणाली.

तेवढ्यात स्वानंद सर आलेच, कारण कंपनीत वाईट बातमीला जिना चढायला वेळ लागत नाही. "कमी पडली म्हणे?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न हवेत असताना हर्षालीनं कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, फक्त एप्रनच्या खिशातल्या हाताची मूठ वळली होती. एक छोटंसं वाक्य पुरलं असतं. माझ्याच ड्रॉइंगमध्ये खूण नीट नव्हती सर. एवढं म्हटलं की ताई सुटल्या असत्या आणि आपलं थोरपण दिसलं असतं. ते वाक्य तिनं मनात जुळवूनही पाहिलं. पण तिला ते बोलता येईना. खूण नीट होती. रस्ता बरोबर होता, आणि त्याला खोटं पाडायची तिची तयारी नव्हती, कुसुमताईंसाठीसुद्धा नव्हती. "वायर पुरते सर," ती म्हणाली. "वरून घेतली गेली होती, म्हणून कमी पडली. आता बघा."

"मी घेतली वरनं," कुसुमताई म्हणाल्या. "हात गेला तिकडं."

सरांनी वायर पाहिली, दार उघडझाप करून पाहिलं. "म्हणजे सवय वरचीच आहे," ते म्हणाले. "मग त्यांचा हात जातो तिकडूनच नेऊ या की. वरच्या रस्त्यानं लांबी देऊन परत कापू. तांबं तसं काही फार वाचत नाहीये, मी पाहिलं." ते रागावून बोलत नव्हते, समजुतीनं बोलत होते, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली. समजुतीनं बोलणाऱ्या माणसाला थांबवायला तांब्याएवढं कारण पुरत नाही. तिनं सांगितलेल्या कारणावर तिचा रस्ता उभा राहू शकत नव्हता. बायकांच्या पाठी आता हलायच्या थांबल्या होत्या.

"तांब्यासाठी नाही केलं सर," हर्षाली म्हणाली. आवाज जरा चढला, तो तिनं तसाच राहू दिला. "खांद्यांसाठी केलं. वरच्या डक्टमध्ये दिवसभर हात वर धरून वायरी घालाव्या लागतात. संध्याकाळी हात उचलत नाहीत. मी घातल्यात, मला माहीत आहे. हा रस्ता मी खांद्याच्या खालून काढलाय, आणि तो मुद्दाम काढलाय."

स्वानंद सर सहा फुटांच्या आसपासचे. त्यांनी वर पाहिलं आणि सहज हात लांबवून वरच्या डक्टला बोटं लावली. त्यांचं कोपरही पुरतं सरळ झालं नाही. "मला तर पोचतंय," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"तुम्ही वायरिंग करणार असाल तर वरून नेऊ," हर्षाली म्हणाली.

पहिली कोण हसली ते कळलं नाही, पण मग सगळीकडून हसू आलं, आणि सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तेही हसले. हात खाली घेताना त्यांनी समोरच्या बायकांकडे एकदा पाहिलं, उंची बघतात तसं. "हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही."

"पुढच्या मीटिंगला सांग. तांब्याचं राहू दे." एवढं म्हणून ते वळले, आणि जाता जाता म्हणाले, "मशीन बंद करू नका. चालू दे खालूनच."

ते गेल्यावर कुसुमताईंनी टॅबवरची आपली पिशवी काढली. बराच वेळ त्या हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिल्या, वाचता येत असून न वाचणाऱ्या माणसासारख्या. "मुद्दाम न्हाई केलं मी," त्या हळू म्हणाल्या. "हात खरंच गेला. पन कमी पडली ना वायर, तवा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू." पिशवी त्यांनी स्टुलावर ठेवली. "इतकी वर्सं डोळ्यानं मापून कापलीया मी वायर. बोटभर तुकडा वाया न्हाई घालवला कदी. आता कापनार मशीन, रस्ता सांगनार तू. मंग माझ्या डोळ्याचं काय करू मी?" वायर कशीही कापली तरी लावायची तुम्हीच, असं काहीतरी हर्षाली म्हणाली, आणि ते किती तोकडं आहे हे म्हणतानाच तिला कळलं. तिनं या बाईकडून काहीतरी काढून घेतलं होतं, यात शंका नव्हती. तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण माफी मागायला तिची जीभ वळली नाही, आणि तिनं वळवलीही नाही. वाईट वाटणं आणि अभिमान, दोन्ही शेजारी शेजारी बसली होती आणि एकमेकांना सरकायला सांगत नव्हती. "दुसरी जुडी दे," कुसुमताई म्हणाल्या. हर्षालीनं दिली. मग ती वर गेली आणि त्या दिवशी पुन्हा खाली फिरकली नाही, कारण डोक्यावर उभं राहून कुणी आपले हात बघणं तिला स्वतःलाही कधी आवडलं नव्हतं. वर बसून तिनं पुढचं पॅनल उघडलं. अधूनमधून तिचा हात फोनकडे जात होता. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही, आणि न वाजणाऱ्या फोनकडे बघून माणसाची छाती फुगू शकते हे तिला नव्यानं कळलं.

पॅनल पुरं झालं त्या संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा शिफ्ट सुटली होती आणि पॅनलचं दार लागलेलं होतं. आतला रस्ता आता कुणाला दिसायचा नव्हता. बायका हात-पाय धुवायच्या खोलीत होत्या. तिथून बांगड्यांचा, नळाचा, बोलण्याचा आवाज येत होता. हर्षाली दारात थांबली. आत आरशापुढे बायका टोप्या काढून केस सोडत होत्या. बाजूच्या पॅनलवरची पुनम कंगवा घेऊन कुसुमताईंच्या मागे उभी होती. रोज संध्याकाळी तीच त्यांचा अंबाडा घालून द्यायची, तिच्या आधी दुसरी कुणी घालायची, आणि त्याच्याही आधी, कधीकाळी, हर्षालीनं घातला होता. शिफ्ट सुटल्यावर कुसुमताईंचे हात कानाच्या वर जात नाहीत ही तिथली जुनी, सगळ्यांनी धरूनच चाललेली गोष्ट होती. "आलीस का?" कुसुमताई आरशातूनच हर्षालीला म्हणाल्या. तोंडात आकडे धरलेले, त्यामुळे शब्द दातांतून येत होते. "तो मदला डक्ट म्होरल्या टायमाला आजून चार बोटं खाली घे. तुझ्या उंचीनं काढलाय तू. आमी काय तुझ्याएवढ्या हाय व्हय?" हर्षाली घेते म्हणाली. "आन रिले लई चिकटून बसवलेत. पेचकस आडवा धरावा लागतो." तेही बघते म्हणाली. पुनम कंगवा धरून ताटकळली होती, आपली पाळी कधी येणार म्हणून. कुसुमताई बोलत होत्या, आणि त्यांची दोन्ही कोपरं डोक्याच्या वर होती. केसांचा पीळ त्यांनी स्वतःच घातला, स्वतःच गुंडाळला, आणि तोंडातला एकेक आकडा काढून खोचत गेल्या. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. शेवटचा आकडा बसल्यावरही त्यांनी हात खाली घेतले नाहीत, मानेवरचे सुटे केस शोधत ते तसेच वर राहिले.